फक्त टेपने सोसायटीचा नकाशा: मोजक्या अंतरांवरून प्रत्येक वस्तूची जागा कशी काढायची

पुण्यातल्या कोथरूड, सहकारनगर, औंध अशा भागांतल्या तीस-चाळीस वर्षांच्या सोसायट्यांमध्ये एक अडचण हमखास असते. ड्रेनेजचं चेंबर नेमकं कुठे आहे, बोअरची जुनी लाइन कुठून गेली आहे, पाण्याच्या टाकीचं दुसरं झाकण कोणत्या पेव्हर ब्लॉकखाली गेलं, हे सांगणारा माणूस कधीच सोडून गेलेला असतो आणि मंजूर नकाशात यातलं काही नसतं. मग लाइन चोकअप झाली की अंदाजाने ब्लॉक उखडायचे. पुनर्विकासाचा विषय निघाला की झाडांची यादी लागते, आणि कोणतं झाड भिंतीपासून किती लांब यावरून बैठकीत वाद होतात.

टोटल स्टेशन (कोन आणि अंतर एकदम मोजणारं यंत्र) वापरणारा सर्व्हेअर बोलावता येतोच आणि काम मोठं असेल तर बोलवावाच. पण रोजच्या उपयोगाचा, काही सेंटीमीटरपर्यंत नेमका नकाशा दोन-तीन माणसं टेप, वही आणि स्प्रेडशीट एवढ्यावर करू शकतात. कोन मोजावे लागत नाहीत, नुसती अंतरं पुरतात. आमच्या आणि ओळखीच्या सोसायट्यांसाठी हे काम मी केलं आहे. लोक टेप धरायला चटकन शिकतात. गाडी अडते ती कोणती अंतरं मोजायची हे न ठरवताच मोजत सुटल्यामुळे. म्हणून खाली त्या भागावर जास्त लिहिलं आहे.

मोबाइलवर पिन टाकून हे होईल का, असं बरेच जण विचारतात. जीपीएससुद्धा उपग्रहांपासूनच्या अंतरांवरूनच जागा काढतं, पण फोनमध्ये ती जागा काही मीटर इकडेतिकडे होते, आणि दोन इमारतींच्या मधे किंवा वडाखाली आणखी बिघडते. चेंबर शोधायला त्याचा उपयोग नाही.

१. आधी हे जमवा

कागदपत्रं: मंजूर बांधकाम नकाशाची प्रत, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, समितीचं साधं परवानगीपत्र, आणि झाडांची यादी आधी केलेली असेल तर ती. परवानगीपत्र विसरू नका. कोणी टेप घेऊन भिंतीपाशी उभं राहिलं की शेजारच्या सोसायटीतून विचारणा होतेच.

साधनं: ३० मीटरचा फायबर टेप, ओळंबा, लाइनदोरी, खडू, ऑइल पेंटची छोटी डबी, पाण्याची पारदर्शक नळी. लेझरचा अंतरमापक असेल तर उत्तम. हे सगळं बोहरी आळीत एका फेरीत मिळतं. आलेख कागद आणि कडक पुठ्ठ्याची वही अप्पा बळवंत चौकातून घ्या. मोबाइलवर आकडे टिपू नका. उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि खोडलेला आकडा मागे राहत नाही. वहीत चुकीचा आकडा एका रेघेने खोडायचा, म्हणजे नंतर वाचता येतो.

माणसं: तीन असली तर काम नीट होतं. दोघं टेपला, एक वहीला.

२. पाया ठरवा

सगळ्या नकाशाचा आधार म्हणजे दोन पक्क्या खुणा. त्यांना अ आणि ब म्हणू, आणि त्यांना जोडणाऱ्या रेषेला पाया. त्या एकमेकींना सरळ दिसल्या पाहिजेत, शक्य तितक्या लांब असाव्यात आणि दहा वर्षांनीही जागेवर राहतील अशा असाव्यात. गेटच्या खांबाचा कोपरा चालतो. कुंडी, दुचाकीचा स्टँड, विजेच्या मीटरची पेटी चालत नाही.

कंपाउंडच्या भिंतीलगतचा पाया सर्वांत सोयीचा, कारण मग मोजायच्या सगळ्या वस्तू त्याच्या एकाच बाजूला येतात. त्याचा फायदा पाचव्या पायरीत कळेल. अ-ब हे अंतर तीनदा मोजा, एकदा उलट दिशेनेही.

तिसरी खूण क. ती अ-ब च्या रेषेत अजिबात नको, चांगली आत हवी. तिन्ही खुणा भिंतीलगत घेण्याचा मोह होतो, कारण तिथे गाड्या नसतात. पण त्यांचा आपल्याला लागणारा त्रिकोणच होत नाही.

३. काय मोजायचं ते कागदावर ठरवा

समजा पंधरा बिंदू आहेत. प्रत्येक जोडीतलं अंतर मोजायचं म्हटलं तर १०५ मोजण्या होतात. मधे इमारत, गाड्या, जास्वंदीचं कुंपण असल्याने त्यातल्या अर्ध्या शक्यच नसतात. पण इतक्या लागतही नाहीत.

सपाट जागेवर बिंदूंची रचना हलू नये यासाठी किमान किती अंतरं लागतात याचा नियम आहे: बिंदूंच्या संख्येची दुप्पट, वजा तीन. पंधरा बिंदूंना २७. हा नियम गणितज्ञ हिल्डा पोलाचेक-गायरिंगर यांनी १९२७ मध्ये मांडला होता. तो मागे पडला आणि १९७० मध्ये लामान यांनी तो पुन्हा सिद्ध केला. त्याचा दुसरा भाग कामाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे. नुसती एकूण संख्या जुळून भागत नाही, अंतरं सगळीकडे नीट वाटलेली असावी लागतात. चार बिंदूंमधली चारही बाजूंची आणि दोन्ही कर्णांची अंतरं घेतली तर त्यातलं एक अंतर तिथे जास्तीचं झालं. तेवढं अंतर नकाशात दुसरीकडे कमी पडतं आणि तो भाग मोकळा राहतो. उलट चार बाजूच मोजल्या आणि एकही कर्ण मोजला नाही, तर तो चौकोन जुन्या खिळखिळ्या चौकटीसारखा तिरका होतो. बाजू चारही बरोबर, आकार मात्र चुकीचा.

आणि २७ अंतरांनी रचना फक्त हलायची थांबते. एखादा बिंदू आरशातल्यासारखा पलीकडच्या बाजूला पडण्याची शक्यता उरतेच, चूक पकडायला एकही जादा आकडा नसतो. म्हणून मी एकच रीत सांगेन: प्रत्येक नव्या बिंदूला आधीच्या तीन पक्क्या बिंदूंपासून तीन अंतरं, आणि ते तीन बिंदू एका रेषेत नकोत. पंधरा बिंदूंना पहिल्या त्रिकोणाची ३ आणि उरलेल्या बारांची ३६, अशी ३९ अंतरं होतात. दोन-तीन तासांचं काम.

दुसरी काळजी कोनाची. नव्या बिंदूपाशी दोन टेप एकमेकांना मिळतात तो कोन ३० ते १२० अंशांमध्ये असावा. तो १८० च्या जवळ गेला की काय होतं ते आकड्यांतच बघा. अ-ब २० मीटर, एक बिंदू अ पासून १०.०० आणि ब पासून १०.०५ मीटरवर आहे. हिशोब केला तर तो अ-ब रेषेपासून ७१ सेंटीमीटर आत येतो. आता दुसरं अंतर चुकून १०.०४ वाचलं. तोच बिंदू ६३ सेंटीमीटरवर येतो. एका सेंटीमीटरच्या चुकीचे सात-आठ सेंटीमीटर झाले! पायाजवळच्या वस्तूंची अंतरं म्हणूनच फक्त पायावरून न घेता क सारख्या लांबच्या खुणेवरूनही घ्यायची.

हे सगळं घरी बसून, मंजूर नकाशाच्या झेरॉक्सवर पेन्सिलीने रेघा मारून ठरवा. प्रत्येक बिंदूतून तीन रेघा निघतात की नाही हे मोजा आणि मगच खाली उतरा.

४. मोजणी

सकाळी लवकर जा. गाड्या बाहेर पडल्यावर, साधारण दहानंतर, पार्किंग मोकळं होतं, पण तोवर उन्हात लेझरचा लाल ठिपका दिसेनासा होतो. मोकळ्या जागेतली अंतरं लेझरने आधी उरकावीत आणि पार्किंगमधली नंतर घ्यावीत. लेझर पुढच्या टोकापासून मोजतो की मागच्या, ही सेटिंग सुरुवातीला बघून वहीत लिहा. मधेच कोणी बटण दाबलं तर उपकरणाच्या लांबीइतका फरक पुढच्या सगळ्या आकड्यांत शिरतो.

टेपचा शून्य कुठे आहे ते नीट बघा. काही टेपवर कडीच्या बाहेरच्या कडेला शून्य असतो, काहींवर कडी सोडून पट्टीवर छापलेला असतो. टेपची एक बाजू फुटांची असते; पिळा पडला की वाचणारा नकळत ती वाचतो.

आकडा सुटा सुटा बोला: "तेरा पॉइंट चार दोन". वहीवाल्याने तो परत म्हणायचा आणि मग लिहायचा. "पाच सहा" म्हणजे ५.०६ की ५.६० हा गोंधळ घरी गेल्यावर सुटत नाही.

टेप आडवा धरा. सहकारनगर किंवा वारज्याच्या बाजूला उतार चांगलाच असतो. उतारावरून २० मीटर मोजलं आणि दोन टोकांच्या उंचीत १ मीटर फरक असेल, तर खरं आडवं अंतर १९.९७५ मीटर असतं. अडीच सेंटीमीटर असेच गेले. उंचीतला फरक पाण्याच्या नळीने घ्या, गवंडी घेतात तसा. मग मोजलेल्या अंतराच्या वर्गातून उंचीचा वर्ग वजा करून वर्गमूळ काढा.

झाडाच्या बाबतीत टेप खोडाच्या पृष्ठभागाला लागतो, आपल्याला मध्य हवा असतो. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर घेर मोजा, ६.२८ ने भागा आणि ते अंतरात मिळवा. १५७ सेंटीमीटर घेराच्या झाडाला २५ सेंटीमीटर मिळवावे लागतात, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगं काही नाही. हा घेर झाडांच्या यादीतही लागतो, एका कामात दोन्ही होतात. चेंबरच्या झाकणाचा मध्य खडूने आधीच काढून ठेवा, नाहीतर प्रत्येक वेळी वेगळ्या कोपऱ्याला टेप लागतो.

५. पहिला हिशोब, हाताने

अ ही जागा शून्य-शून्य धरा. अ कडून ब कडे जाणारी दिशा म्हणजे आडवा अक्ष. समजा अ-ब २०.०० मीटर आहे आणि प हे चेंबर अ पासून १०.०० व ब पासून १३.४२ मीटरवर आहे.

दोन अंतरांची बेरीज २३.४२. अ चं अंतर वजा ब चं अंतर, म्हणजे −३.४२. दोन्हींचा गुणाकार −८०.१०. त्याला पायाने, म्हणजे २० ने, भागलं की −४.००. ते पायात मिळवलं की १६.००. त्याचं निम्मं ८.००. प हे पायावर अ पासून ८ मीटर पुढे आहे.

आता आतलं अंतर. १० चा वर्ग १००, ८ चा वर्ग ६४, वजाबाकी ३६, वर्गमूळ ६. चेंबर पायापासून ६ मीटर आत.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत त्रिकोणाचा लंब काढायला हीच रीत दिली आहे. लंबामुळे पायाचे जे दोन तुकडे पडतात त्यांना ते आबाधा म्हणतात. कॅल्क्युलेटर नसतानाही एक बिंदू दोन मिनिटांत निघतो, म्हणून मी अजून हीच रीत जागेवर वापरतो.

वर्गमूळ +६ ही येतं आणि −६ ही. चेंबर पायाच्या या बाजूला की त्या, हे दोन अंतरं सांगू शकत नाहीत. पाया भिंतीलगत असेल तर डोळ्यांनीच कळतं. नसेल तर तिसरं अंतर लागतं. क ची जागा ६ मीटर पुढे आणि १५ मीटर आत निघाली असेल, तर क पासून प चं अंतर ९.२२ यायला हवं. आरशातला प असता तर ते २१.१० आलं असतं. टेपवर ९.२१ दिसलं की शंका मिटली, आणि पहिल्या दोन अंतरांची तपासणीही झाली. हे त्याच वेळी, तिथेच उभं राहून करा.

६. इमारतीच्या मागची बाजू

नकाशा बिघडतो तो इथे. पुढचं आवार नीट होतं, मागचं आवार आपापलं नीट होतं, पण दोन्ही जोडायला फक्त बाजूची चिंचोळी पट्टी असते. त्या पट्टीतले बिंदू जवळजवळ एका रेषेत येतात, आणि एका रेषेतल्या बिंदूंवर टांगलेलं मागचं अख्खं आवार दाराच्या झडपेसारखं फिरू शकतं.

इमारतीचे चार बाहेरचे कोपरे मोजून हे सुटेल असं वाटतं. पण कर्ण इमारतीच्या आतून जातो, तो मोजता येत नाही. म्हणजे पुन्हा तोच कर्ण नसलेला चौकोन. इमारत काटकोनात आहे असं गृहीत धरू नका. गवंड्याच्या रीतीने तपासा: पुढच्या भिंतीची रेषा दोरीने दीड मीटर पट्टीत वाढवा, बाजूच्या भिंतीवर दोन मीटरवर खूण करा आणि तिरकं अंतर घ्या. अडीच मीटर आलं तर काटकोन. जे काही येईल ते अंतर म्हणून वहीत लिहा. मात्र त्यावर एकट्यावर विसंबू नका, कारण इतक्या लहान त्रिकोणात एका सेंटीमीटरची चूक झाली तर १५ मीटर लांब भिंतीच्या टोकाला ती बारा सेंटीमीटर होते.

खालच्या मजल्यावर मोकळं पार्किंग असेल तर प्रश्नच नाही. खांबांमधून पुढून मागे तिरक्या दोन-तीन लांब रेषा मिळतात. त्या मिळवण्यासाठी दोन गाड्या हलवायला लागल्या तरी हलवून घ्या. तळमजल्यावर घरं असतील तर पुढचं दार आणि मागची खिडकी समोरासमोर असलेलं घर शोधा आणि दहा मिनिटांची परवानगी मागा. "काकू, फक्त टेप आरपार न्यायचाय" म्हटलं की बहुतेक जण चहासुद्धा देतात. ते एक अंतर पट्टीतल्या दहा अंतरांपेक्षा जास्त काम करतं. काहीच शक्य नसेल तर इमारतीला दोन्ही बाजूंनी वळसा घालून मोजणी पूर्ण जोडून घ्या.

७. सगळी अंतरं एकत्र बसवा

एका बिंदूवरून दुसरा, त्यावरून तिसरा असं जात राहिलं की चुका साठत जातात. म्हणून शेवटी सगळे आकडे एकदम स्प्रेडशीटमध्ये घाला. एका तक्त्यात प्रत्येक बिंदूचे दोन निर्देशांक (पायावर किती पुढे आणि पायापासून किती आत), सुरुवातीला पाचव्या पायरीतले. दुसऱ्या तक्त्यात प्रत्येक मोजलेल्या अंतराची एक ओळ: मोजलेलं, निर्देशांकांवरून निघणारं, फरक, फरकाचा वर्ग. वर्गांची बेरीज एका चौकटीत. मग एक्सेलच्या सॉल्व्हरला सांगायचं की ही बेरीज कमीत कमी कर आणि त्यासाठी निर्देशांक बदल. पायथॉन येत असेल तर सायपाय या त्याच्या गणिताच्या लायब्ररीमध्ये हे आणखी सोपं जातं. अ चे दोन्ही निर्देशांक आणि ब चा आतला निर्देशांक शून्यावर बांधून ठेवा, नाहीतर अख्खा नकाशा सरकतो किंवा फिरतो.

सुरुवातीचे आकडे कसेही भरू नका. एखादा बिंदू आरशाच्या चुकीच्या बाजूला सुरू झाला तर सॉल्व्हर त्याला तिथेच अडकवून ठेवतो. मोजक्या अंतरांवरून जागा काढणं सर्वसाधारणपणे संगणकालाही फार जड आहे, हे संगणकशास्त्रज्ञ सॅक्स यांनी १९७९ मध्येच दाखवलं आहे. आपलं काम सोपं होतं ते तीन-तीन अंतरांच्या शिस्तीमुळे. प्रथिनाच्या रेणूचा आकारही एनएमआर या चुंबकीय क्षेत्रात अणूंचा प्रतिसाद मोजणाऱ्या तंत्रात जवळच्या अणूंमधल्या अंतरांच्या मर्यादांवरून असाच बसवतात. कुर्ट वुट्रिच यांना त्या पद्धतीसाठी २००२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

८. फरक वाचा

सगळे फरक एक-दोन सेंटीमीटरच्या आत असतील तर काम झालं. एखादा मोठा असेल तर त्याचा आकार बघा. बरोबर १ मीटर किंवा १० सेंटीमीटर म्हणजे वाचण्यातली चूक. मोजलेला आकडा निर्देशांकांवरून निघणाऱ्या अंतराच्या साधारण सव्वातीनपट असेल, तर फुटांची बाजू वाचली गेली असावी. एक मोठी चूक शेजारच्या बिंदूंनाही ओढते, त्यामुळे चार-पाच ओळी वाईट दिसतात. सर्वांत वाईट एकच ओळ काढा, सॉल्व्हर पुन्हा चालवा, मग पुढची बघा. काढलेलं अंतर जागेवर जाऊन पुन्हा मोजा. नकाशा सुंदर दिसावा म्हणून आकडा बदलू नका.

सगळे फरक शून्य आले तर आनंद मानू नका. त्याचा अर्थ तुमच्याकडे जादा अंतरच नव्हतं. चुकीचा आकडाही तिथे बिनबोभाट बसतो.

शेवटी हिशोबात न घेतलेली दोन-तीन लांब अंतरं निवडा, निर्देशांकांवरून आधी काढा आणि मग खाली जाऊन मोजा. मागच्या झाडापासून पुढच्या गेटपर्यंतचं अंतर यासाठी चांगलं.

९. नकाशा आणि त्याचा वापर

एका मीटरला एक सेंटीमीटर प्रमाण घेतलं तर ए-३ कागदावर साधारण ४० बाय २८ मीटरची जागा बसते. मोठ्या आवाराला निम्मं प्रमाण घ्या. प्लंबरला निर्देशांक देऊन उपयोग नाही. प्रत्येक वस्तूपुढे तिच्या जवळच्या दोन पक्क्या खुणांपासूनची अंतरं छापा: "गेटचा डावा खांब १०.००, टाकीचा कोपरा ७.३५" अशी. दोन टेप ताणले की ते मिळतात तीच जागा. पक्क्या खुणांवर ऑइल पेंटचा ठिपका आणि अक्षर घाला. वहीची पानं आणि अंतरांचा तक्ता नकाशासोबतच समितीच्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे नवी वस्तू आली की तीन अंतरं घेऊन ती जोडता येते.

हा नकाशा हद्दीचा पुरावा नाही. शेजाऱ्याशी भिंतीवरून वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच लागते, तिचा अर्ज ई-मोजणीवर ऑनलाइन करता येतो. झाड तोडायचं किंवा हलवायचं असेल तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाखाली महापालिकेची परवानगी लागते. अर्जाला हा नकाशा जोडायला हरकत नाही, पण पाहणी त्यांची ते करतातच.